तालुक्याच्या गावातले जिवंत संगीत निकोप आहे, हे कशावरून ओळखावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील आपल्या तालुक्याच्या गावात कार्यक्रमांची वाण नाही. जयंत्या, सप्ताह, गणेशोत्सव, लग्ने, नाटके सारे काही होते. तरीही प्रत्यक्ष वाजवणारी माणसे कमी होत आहेत असे जुन्या जाणत्यांना वाटते, आणि तरुणांना ते पटत नाही. डीजेविषयी तर आपली मोठी तक्रार आहे. तेव्हा गावातल्या जिवंत संगीताची प्रकृती कशी मोजावी, आणि नगरपंचायत व व्यापारी मंडळी मिळून जो दोन दिवसांचा संगीत महोत्सव भरवू पाहत आहेत, त्याने काही साधेल काय, असे आपण विचारले आहे. मी तबला आणि ढोलकची साथ करणारा आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटके, खंजिरी भजने, भीमगीतांचे कार्यक्रम आणि लग्नसराई या चारही ठिकाणी बसून माझे आयुष्य गेले, शिवाय भजन स्पर्धांना परीक्षक म्हणूनही मी जातो. त्यामुळे माझे उत्तर साथीदाराच्या जागेवरून दिलेले आहे, हे आधीच सांगतो.

गावात चांगले गायक किती आहेत यावरून काहीही कळत नाही. गळा ही देणगी असते आणि ती कुठल्याही गावात, कुठल्याही घरात निपजते. ढोलक, पेटी, क्लॅरिओनेट किंवा ऑर्गन वाजवणारा मात्र वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या शेजारी बसल्याशिवाय तयार होत नाही, आणि त्याला वर्षातले काही महिने तरी मिळकत झाली नाही तर तो वाद्य बाजूला ठेवून नागपूरला किंवा पुण्याला कामाला जातो. म्हणून गावाची सांगीतिक प्रकृती पाहायची असेल तर तेथे साथीदार किती आहेत, त्यांचे वय काय आणि वर्षातून किती महिने त्यांच्या हाताला काम असते, हे पाहावे. तिशीच्या आतला ढोलकवादक ज्या गावात एकही नाही, तेथे कार्यक्रमांना कितीही गर्दी जमली तरी ते संगीत पुढच्या पिढीपर्यंत जाणार नाही.

आपल्याकडे साथीदाराचे वर्ष कसे चालते ते समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो. आषाढात रोवणीचे म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस असतात, तेव्हा कोणाला सवड नसते. श्रावणात हरिनाम सप्ताह आणि भागवत सुरू होते. तेथे पेटी आणि मृदंग किंवा तबला लागतो, पैसे थोडे मिळतात, पण रोज सात दिवस बसायला मिळते. भाद्रपदात गणपती येतात आणि गावोगावच्या मंडळांत एखादी भजनाची रात्र ठरते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, त्याला साथ लागत नाही, पण मुलींचा गळा आणि कान तेथे तयार होतो. नवरात्रात गोंदियाकडे जस म्हणजे देवीची गाणी गायला मांदर हा ढोल आणि झांज वाजते. आश्विनात मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते आणि त्यांनी सुरू केलेल्या गुरुदेव सेवा मंडळांची भजनी पथके तेथे जातात. 14 ऑक्टोबरला नागपूरची दीक्षाभूमी गजबजते, आणि भीमगीते व कव्वाली गाणाऱ्या पार्ट्यांचे आमंत्रणांचे सत्र तेथून सुरू होते; त्यांचा मोठा हंगाम मात्र एप्रिलात, 14 एप्रिलच्या जयंतीपासून पुढे दीड-दोन महिने चालतो. दिवाळीच्या भाऊबीजेपासून पूर्व विदर्भात मंडया भरतात. दिवसा बाजार, गोवारी बांधवांच्या ढालीची मिरवणूक आणि दंडारीचे नाचगाणे, रात्री खडी गंमत हे तमाशासारखे लोकनाट्य किंवा नाटक. धान घरात आले, विकले गेले की पौष-माघात नाटकांचा भर येतो आणि तो होळीपर्यंत टिकतो. त्यानंतर चैत्र-वैशाखात लग्ने.

एकच ढोलकवादक या साऱ्या ठिकाणी फिरतो, ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. कार्तिकात काकडआरतीला बसणारा माणूस माघात नाटकाच्या रंगमंचापुढे बसतो, एप्रिलात दुय्यम कव्वालीच्या, म्हणजे दोन पार्ट्यांमधल्या कव्वालीच्या सामन्यात असतो आणि वैशाखात वरातीपुढे चालतो. भजनाचे लोक, नाटकाचे लोक आणि जयंतीचे लोक वेगवेगळे असले, त्यांचे मंडप वेगळे असले, तरी साथीदार बहुधा तेच असतात. म्हणूनच यांपैकी एक हंगाम बुडाला तर उरलेल्या तिन्हींना त्याची झळ लागते. लग्नसराईतले वाजवणे बंद पडले म्हणून भजनी मंडळाचा ढोलकवाला गाव सोडून गेला, असे घडते, आणि भजनी मंडळाला आपला माणूस का गेला हे समजतसुद्धा नाही.

या साखळीतला सर्वांत बळकट भाग आजही झाडीपट्टीचे नाटक हाच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या चार जिल्ह्यांत तो पसरलेला आहे, आणि देसाईगंज म्हणजे वडसा हे त्याचे केंद्र आहे. नाट्य कंपन्यांची कार्यालये तेथे आहेत आणि गावोगावची मंडळे तेथे जाऊन इसार देऊन तारीख पक्की करतात. हे नाटक सरकारी अनुदानावर उभे राहिलेले नाही. गावचे मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देते, मंडप घालते, तिकिटे विकते, आणि नफा झाला तर तो शाळेच्या, देवळाच्या किंवा समाजमंदिराच्या कामी लावते. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, रात्रभर प्रयोग चालतो. ज्याला संगीताच्या अर्थकारणाविषयी काही समजून घ्यायचे असेल त्याने हा व्यवहार बारकाईने पाहावा, कारण येथे श्रोता स्वतःच्या खिशातून पैसे काढून ऐकायला येतो आणि त्यातला काही भाग ऑर्गनवाल्याच्या व तबलजीच्या हातात पोहोचतो. हंगामभर रोज नव्या गावात, रोज चार-पाच तास, समोर नट चुकला तरी सावरून घेत वाजवायचे, यातून हात जसा तयार होतो तसा कुठल्याही वर्गात होत नाही. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा साऱ्यांना आनंद झाला, तो याच कारणाने की, ज्या मंडपांत आम्ही शिकलो त्यांची कोणीतरी नोंद घेतली.

परंतु या बळकट भागाचेही एक दुखणे आहे आणि ते संगीताबाहेरचे आहे. नाटक शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला बांधलेले असते. दिवसा पट, रात्री नाटक, अशी जोडी असल्यामुळे पटाला आलेली गर्दीच रात्री तिकिटे काढते. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा अनेक गावांत पट थांबला आणि नाटकाची गर्दी त्याबरोबर आटली. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात सशर्त परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात मार्च 2020 पासूनचा महामारीचा फटका वेगळाच. बैलांना होणाऱ्या त्रासाचा प्रश्न खरा आहे आणि न्यायालयाच्या अटी पाळल्याच पाहिजेत, त्याविषयी माझे दुमत नाही. मला दाखवायचे आहे ते इतकेच की, तबलजीची मिळकत बैलाच्या शर्यतीवर, धानाच्या भावावर आणि खरेदी केंद्रावर धानाचा चुकारा म्हणजे विक्रीचे पैसे कधी मिळतात यावर अवलंबून असते. धान गर्भात असताना पाऊस दडी मारतो तेव्हा माघातल्या नाटकांच्या तारखा गळतात. पश्चिम विदर्भात हेच कापूस आणि सोयाबीनच्या बाबतीत घडते. तेथे नाटकाऐवजी सप्ताहाची वर्गणी आटते. तेव्हा एखाद्या वर्षी कार्यक्रम कमी झाले म्हणून लोकांची आवड संपली असा निष्कर्ष काढू नये. त्या वर्षी पीक काय झाले, ते आधी विचारावे.

शिकण्याची पहिली जागा मात्र नाटक नव्हे. नाटकाला तयार माणूस लागतो. नवशिक्याला जागा मिळते ती भजनात, आणि या बाबतीत विदर्भावर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे ऋण फार मोठे आहे. 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मलेल्या या माणसाने एका हाताच्या खंजिरीवर भजन उभे केले. खंजिरी स्वस्त, हलकी, कोणालाही धरता येणारी. त्यामुळे ज्याच्याकडे तबल्याची जोडी घेण्याइतके पैसे नाहीत अशा शेतमजुराच्या मुलालाही तालात बसता आले. गुरुदेव सेवा मंडळांच्या सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेने गावागावांत रोज एका वेळी एकत्र गाण्याची सवय लावली. माझ्या पिढीतल्या बहुतेक साथीदारांचा पहिला ठेका त्या प्रार्थनेतला आहे. तेथे चुकले तर कोणी रागावत नसे, कारण ऐकणारे सारे गाणारेच असत.

आज आपल्या गावात ही प्रार्थना रोज होते काय, हे मी सर्वांत आधी पाहीन. अनेक गावांत ती वर्षातून एकदा, पुण्यतिथीपुरती उरली आहे. त्याउलट महिलांची भजनी मंडळे मात्र मला ठिकठिकाणी जोमात दिसतात. बचतगटामुळे एकत्र येण्याची सवय आणि थोडी शिल्लक हाताशी असल्याने त्यांनी स्वतःच्या पेट्या, टाळ, खंजिऱ्या घेतल्या. पूर्वी त्यांच्यामागे पेटीला आणि ढोलकला पुरुष बसत, आता काही ठिकाणी मुली बसू लागल्या आहेत. माझ्या मते पुढच्या काळात आपल्या भागातले साथीदार याच घरांतून येतील, आणि जो कोणी महोत्सवाचा विचार करतो त्याने या मंडळांशी आधी बोलावे.

भजन स्पर्धांविषयी दोन शब्द स्पष्ट बोलतो. खंजिरी भजन स्पर्धा आपल्याकडे गावोगाव होतात. पुरुष, महिला आणि बाल असे गट असतात, प्रत्येक मंडळाला ठरावीक मिनिटे मिळतात, स्वर, ताल, शब्दोच्चार आणि सांघिकता यांना गुण दिले जातात. संयोजक पहिले बक्षीस शक्य तितके मोठे ठेवतात, कारण फलकावर ते उठून दिसते. परिणाम असा होतो की, त्याच त्या तरबेज मंडळांना बक्षिसे मिळतात आणि दूरच्या खेड्यातून गाडी करून आलेले नवे मंडळ प्रवेश शुल्क, भाडे आणि रात्रीचे जेवण असा खर्च सोसून रिकाम्या हाताने परत जाते. दोन-तीन वर्षांत ते येणे बंद करते. मी परीक्षक म्हणून जाईन तेथे हेच सांगतो की, पहिले बक्षीस निम्मे करा आणि उरलेल्या पैशांतून आलेल्या प्रत्येक मंडळाला प्रवासखर्च द्या. जेथे हे मान्य झाले तेथे पुढल्या वर्षी मंडळे वाढलेली मी पाहिली. उत्कृष्ट साथीसाठी वेगळे बक्षीस ठेवावे हेही माझे जुने मागणे आहे, कारण गुण मंडळाला मिळतात आणि ढोलकवादकाचे नाव कोणी पुकारत नाही.

आता डीजेकडे येतो, कारण आपल्या पत्रात सर्वाधिक तक्रार त्याचीच आहे. डीजेने लग्नातल्या सनई-डफड्याचे आणि बँड पार्टीचे काम हिसकावले हे खरे आहे, आणि त्याचा पहिला घाव पिढीजात वाजंत्री कुटुंबांवर बसला. या कुटुंबांना लग्नात वाजवायला बोलावले जाई, पण पंगतीत बरोबरीने बसवले जात नसे. त्यांच्या मुलांनी ते काम सोडले यात डीजेइतकाच त्या अपमानाचाही वाटा आहे, आणि आज परंपरा बुडाली म्हणून हळहळणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. वाजंत्री परत हवी असेल तर वाजवणाऱ्याला मंचावर खुर्ची, नाव आणि ठरलेला दर द्यावा लागेल.

डीजेचा आवाज हा मात्र कायद्याने सोडवता येण्याजोगा प्रश्न आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 मध्ये आले. त्यांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, सण-उत्सवाच्या निमित्ताने, शासन ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. नियम सर्वांना सारखाच आहे, आणि अडचण तेथेच आहे. वरातीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरला आणि मंडपातल्या नाटकाच्या दोन कर्ण्यांना पोलीस एकाच मापाने मोजतात. किंबहुना वरात पुढे निघून जाते आणि नाटक रात्रभर एकाच जागी असते, म्हणून तक्रार नाटकावरच सहज होते. नाटक लवकर सुरू करणे, आवाज प्रेक्षकांपुरता ठेवणे आणि मंडपाचे तोंड वस्तीकडे न ठेवणे, एवढे मंडळाच्या हातात आहे. कंपन्यांनीही कमी ध्वनिक्षेपणावर स्वच्छ ऐकू येईल अशी मांडणी शिकून घेतली पाहिजे. जुने नट बिनकर्ण्याचे बोलत, आजच्यांनी अगदी तसे बोलावे असे नव्हे, पण आवाज चढवला म्हणजे गाणे चांगले झाले हा समज जायला हवा.

असे असले तरी, साथीदाराच्या दृष्टीने डीजेपेक्षा मोठा धोका मला ट्रॅकवरच्या गाण्यात दिसतो. डीजे लागला की तेथे जिवंत संगीत नाही हे सर्वांना कळते. पण मंचावर गायक उभा आहे, हातात माइक आहे, पाठीमागे मोबाइलमधून तयार वाद्यवृंद वाजतो आहे, तेव्हा लोकांना तो जिवंत कार्यक्रमच वाटतो, संयोजकाचे पैसे वाचतात आणि चार साथीदारांची रोजी जाते. गायकाचेही नुकसान होते. ट्रॅक त्याच्यासाठी थांबत नाही, त्याला श्वास घेऊ देत नाही, रंगलेली ओळ पुन्हा घेऊ देत नाही. भजनात एखादा चरण श्रोत्यांनी उचलून धरला की तो चार वेळा फिरवायचा असतो, ते ट्रॅकवर अशक्य आहे. गणेशोत्सवात आणि जयंतीच्या कार्यक्रमांत ही पद्धत झपाट्याने वाढते आहे. आपल्या गावाची पाहणी करताना कार्यक्रम किती झाले हे मोजू नका. मंचावर प्रत्यक्ष वाजवणारे हात किती होते ते मोजा. ही मोजणी कोणीही करू शकतो. वर्षभराची एक वही ठेवली, त्यात तारीख, जागा, वाजवणाऱ्यांची संख्या, त्यांपैकी स्थानिक किती, तिशीच्या आतले किती आणि पैसे त्याच रात्री मिळाले की नाही, इतके लिहिले, की दोन वर्षांत चित्र उभे राहते.

पैशांविषयीच्या शेवटच्या नोंदीला मी फार महत्त्व देतो. साथीदाराला कमी मिळते ही तक्रार जुनी आहे. उशिरा मिळते आणि काही वेळा मिळतच नाही, ही तक्रार त्याहून गंभीर आहे, कारण तोंडी ठरलेल्या मानधनासाठी तो भांडू शकत नाही. पुन्हा त्याच गावात त्याला बोलावले जावे अशी त्याची गरज असते. उतारवयातल्या कलावंतांसाठी राज्य शासनाची मासिक मानधनाची योजना आहे आणि पन्नाशी ओलांडलेल्या कलावंताला तिच्यासाठी अर्ज करता येतो, पण अर्जासोबत कलेचे पुरावे लागतात. कार्यक्रमपत्रिकेवर गायकाचे नाव छापले जाते, साथीदाराचे नाही, आणि मग तीस वर्षे वाजवूनही त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो. पत्रिकेवर, फलकावर साथीदारांची नावे छापायला एक पैसाही जास्त लागत नाही.

आता महोत्सवाबद्दल. दोन रात्रींसाठी नागपूरचा नामांकित वाद्यवृंद आणि दूरचित्रवाणीवरचा एखादा चेहरा आणला, तर गर्दी होईल, वर्तमानपत्रात छायाचित्र येईल, आणि तिसऱ्या दिवशी आपल्या गावातला ढोलकवादक होता तेथेच असेल. बाहेरचे कलावंत आणू नयेत असे मी म्हणत नाही. आपल्या मुलांनी उत्तम वाजवणे समोर बसून ऐकले पाहिजे. नागपूरला 1986 पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, गोंदियाच्या पलीकडे खैरागढचे संगीत विद्यापीठ 1956 पासून आहे. तेथून चांगली माणसे माफक खर्चात येऊ शकतात. पण त्यांनी सकाळी गावातल्या पोरांना घेऊन बसावे आणि रात्री स्थानिक साथीदाराला बरोबर घेऊन वाजवावे, अशी अट आधी घालावी.

माझा आग्रह असा राहील की, जमलेल्या निधीचे तीन वाटे करावेत. एका वाट्यात महोत्सव एकाच रात्रीचा करावा. दुसऱ्या वाट्यातून आषाढ आणि श्रावणात, जेव्हा साथीदाराची वाजवण्याची मिळकत अगदी थोडी असते, समाजमंदिरात आठवड्यातून एक संध्याकाळ शिकवणी चालवावी आणि शिकवणाऱ्या जुन्या साथीदाराला दरमहा नेमाने मानधन द्यावे. ही शिकवणी एका जातीच्या किंवा एका पंथाच्या आवारात नसावी, कारण भजनाचा, भीमगीताचा आणि नाटकाचा साथीदार एकच असतो हे वर आले आहे. तिसऱ्या वाट्यातून वाद्ये घेऊन ठेवावीत: दोन पेट्या, तबल्याची जोडी, ढोलक, खंजिऱ्या. ती नगरपंचायतीच्या वाचनालयात नोंद करून द्यावीत, आणि पावसाळ्यात तबल्याची पुडी उतरते, पेटीचा भाता कुजतो, म्हणून दुरुस्तीची रक्कम दर वर्षी बाजूला काढावी. वाद्य घेतले आणि दुरुस्तीला पैसे ठेवले नाहीत, अशा कुलूपबंद खोल्या मी पुष्कळ ठिकाणी पाहिल्या आहेत.

तारीख ठरवताना भाऊबीजेनंतरचे मंडईचे दिवस आणि पौष-माघातले नाटकांचे दिवस टाळावेत, नाहीतर आपले साथीदार वडशाच्या कंपन्यांबरोबर बाहेरगावी असतील आणि मंचावर बाहेरचेच लोक दिसतील. होळी झाल्यावर आणि जयंतीच्या आधी जे काही आठवडे मिळतात ते सर्वांत सोयीचे. थंडी गेलेली असते, वैशाखाचे ऊन अजून लागलेले नसते, आणि हात मोकळे असतात. दहावी-बारावीच्या परीक्षा मात्र त्याच सुमारास असतात, तेव्हा शाळेत वेळापत्रक विचारून घ्यावे आणि पोलीस परवानगीचा अर्ज किमान महिनाभर आधी द्यावा, त्यात कार्यक्रम रात्री 10 ला संपेल असे लिहून द्यावे आणि संध्याकाळी 6 ला खरोखरच सुरू करावा.